दंतनिषेक आणि विषाणुज्वर : श्वानशावकांच्या दंतवल्कावरील खुणांचा अभ्यास

प्रास्ताविक

कामोठे, कळंबोली, खांदा वसाहत या परिसरातील औषधालयांत अलीकडे एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. घरी आणलेल्या कुत्र्याच्या पिलाचे नवे दात पिवळसर, खडबडीत आणि खड्डे पडलेले निघाले आहेत, तर त्यासाठी एखादे कॅल्शियम किंवा मंजन द्यावे काय? विचारणारा प्रामाणिक असतो, गल्ल्यावर बसलेली व्यक्तीही मदतीस तत्पर असते, आणि बहुधा एखादी बाटली विकली जाते. त्या बाटलीने दात सुधारत नाहीत. ते का सुधारत नाहीत, हे समजून घेतल्यास केवळ पिलाच्याच नव्हे, तर बालकांच्या दातांकडे पाहण्याची आपली दृष्टीही अधिक स्वच्छ होईल. म्हणून प्रस्तुत लेखात श्वानशावकांतील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग व त्याचा दातांच्या घडणीवर होणारा परिणाम यांचा विचार केला आहे.

निषेक आणि उद्भेद

बालकांच्या दातांविषयी काश्यपसंहितेतील सूत्रस्थानात दंतजन्मिक हा स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळमध्ये उपलब्ध झालेल्या हस्तलिखितावरून राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. या अध्यायात दातांच्या संदर्भात दोन भिन्न अवस्था मानल्या आहेत : निषेक, म्हणजे दाताचे बीज हिरडीत रुजणे, आणि उद्भेद, म्हणजे दात हिरडी फोडून बाहेर येणे. दाताचे गुणदोष निषेकाच्या काळावर अवलंबून असतात, असे आचार्यांचे प्रतिपादन आहे. कोणत्या मासात निषेक झाला असता दात दुर्बल होतात, कोणत्या मासात ते विवर्ण होतात, कोणत्या मासात स्फुटित, राजिमान म्हणजे रेषायुक्त, खंडित व रूक्ष होतात आणि कोणत्या मासात सर्वगुणसंपन्न होतात, याचे वर्णन तेथे आले आहे.

तेथील मासगणना आजच्या गर्भविज्ञानाशी शब्दशः जुळत नाही. मानवी दुग्धदंतांचे अंकुर गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसू लागतात. तथापि दाताचा दोष उद्भेदाच्या वेळी दिसत असला, तरी तो घडतो निषेकाच्या आणि त्यानंतरच्या घडणीच्या काळात, हे तत्त्व आजच्या ज्ञानाशीही सुसंगत आहे. डिस्टेंपर झालेल्या पिलाचे दात हे त्याचे ठळक उदाहरण होय.

शारीरदृष्ट्या सुश्रुतांनी दातांची गणना रुचकास्थींत केली असून शार्ङ्गधरांनी दंत हा अस्थिधातूचा उपधातू मानला आहे. मात्र दाताचे सर्वांत बाहेरचे कवच, दंतवल्क, ज्यास आपण एनॅमल म्हणतो, ते उत्पत्तीच्या दृष्टीने अस्थीहून वेगळे आहे. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच भेद आहे.

दंतवल्काची घडण

दाताचा अंकुर दोन प्रकारच्या ऊतींतून तयार होतो. आतील डेंटिन व मज्जा ही मुख-भागातील मध्यस्तरीय ऊतींपासून बनतात. दंतवल्क घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी मात्र तोंडाच्या आवरणाच्या, म्हणजे त्वचेशी नाते असलेल्या ऊतीच्या आहेत. या पेशी प्रथम प्रथिनांचा मऊ साचा स्रवतात व नंतर त्यात खनिजे भरून तो पक्व करतात. पूर्ण पक्व दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ आहे.

परंतु या काठिण्याची किंमत मोठी आहे. घडण पूर्ण झाली की अमेलोब्लास्ट पेशी क्षीण होतात आणि दात बाहेर येताच नष्ट होतात. मोडलेले हाड जुळते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. दंतवल्कात पेशीच उरत नाहीत, म्हणून त्यातील उणीव शरीर पुन्हा भरून काढू शकत नाही. लाळेतील खनिजांमुळे पृष्ठभागावरचा अल्प क्षय काही प्रमाणात भरून येतो. जे मुळात घडलेच नाही, ते मात्र नव्याने घडत नाही.

दाताचा माथा टोकाकडून मानेकडे या क्रमाने घडतो. टोकाचे दंतवल्क आधी, हिरडीलगतचे नंतर. त्यामुळे घडणीच्या एखाद्या आठवड्यात व्यत्यय आला, तर त्या आठवड्यात घडत असलेल्या पट्ट्यावरच खूण राहते. वृक्षाच्या खोडातील वलयांतून अवर्षणाचे वर्ष ओळखावे, तसा दातावरील पट्ट्यावरून आजाराचा काळ अजमावता येतो.

डिस्टेंपर विषाणूचा मार्ग

फ्रेंच पशुवैद्य कारे यांनी १९०५ साली हा रोग सूक्ष्म गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो, असे दाखवले. हा विषाणू मॉर्बिलीव्हायरस कुळातील आहे. मानवातील गोवर, गुराढोरांतील बुळकांडी आणि शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर यांचे विषाणू याच कुळातले. बुळकांडीचे निर्मूलन झाल्याचे २०११ साली जगभर जाहीर झाले, गोवर, पीपीआर आणि डिस्टेंपर हे मात्र अद्याप आहेत. डिस्टेंपरच्या विषाणूमुळे मानवास रोग होत असल्याचे ज्ञात नाही, हेही येथेच नमूद करणे योग्य.

बाधित प्राण्याच्या श्वास व नासास्रावातील कणांतून विषाणू निरोगी पिलाच्या श्वसनमार्गात शिरतो. प्रथम तो रोगप्रतिकारक पेशींत व लसिकाग्रंथींत वाढतो. या टप्प्यात येणारा ज्वर सौम्य असल्यास लक्षातही येत नाही. पिलाची प्रतिकारशक्ती अपुरी पडल्यास विषाणू रक्तावाटे सर्व शरीरात पसरतो आणि आवरणऊतींत शिरतो : नाक, फुप्फुस, आतडे, त्वचा, डोळ्यांची आवरणे. म्हणून नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, खोकला, वांती, अतिसार ही लक्षणे एकाच रोगात दिसतात. काही प्राण्यांत नाक व तळपायांची गादी जाड व कठीण होते. पुढे मज्जासंस्था बाधित झाल्यास झटके, स्नायूंचे लयबद्ध आकुंचन व जबड्याची सतत चघळल्यासारखी हालचाल दिसते.

दंतवल्क घडवणाऱ्या पेशीही आवरणऊतीच्याच वंशातल्या असल्याने विषाणू तेथेही पोहोचतो. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विकृतिशास्त्रीय अभ्यासात बाधित पिलांच्या घडत असलेल्या दातांतील अमेलोब्लास्टच्या थरात पेशीनाश व विषाणुजन्य विशिष्ट बदल आढळले. म्हणजे दातावरील दोष केवळ ज्वर, कृशता वा कुपोषण यांचा दूरस्थ परिणाम नसून विषाणूच्या प्रत्यक्ष आघाताचाही आहे. अर्थात तीव्र ज्वर व पोषणाचा अभाव हेही त्या पेशींना स्वतंत्रपणे बाधक ठरतात.

येथे काळाचा एक दुर्दैवी योग जुळून येतो. कुत्र्याचे २८ दुग्धदंत साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसू लागतात. त्यांच्या माथ्यांची घडण बव्हंशी आधीच होऊन गेलेली असते. कायमच्या ४२ दातांचे दंतवल्क मात्र जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत हिरडीच्या आत घडत असते. मातेच्या चिकातून मिळालेले संरक्षण याच काळात, सामान्यतः सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान, ओसरते. संरक्षण सर्वांत कमी आणि घडण सर्वांत वेगाची, अशा वेळी विषाणू गाठतो. कायमचे दात तिसऱ्या ते सातव्या महिन्यात बाहेर येतात, तेव्हा पिलू आजारातून उठून काही आठवडे किंवा महिने झालेले असतात आणि मालक तो आजार विसरलेला असतो.

दातांवरील चिन्हे

आजारातून वाचलेल्या पिलाच्या कायमच्या दातांत पुढील चिन्हे आढळतात.

१) दाताभोवती आडवी खाच किंवा पट्टा. एकाच काळात घडणाऱ्या अनेक दातांवर, डाव्या-उजव्या बाजूंस सारख्या उंचीवर ती दिसते.

२) विखुरलेले खड्डे व खडबडीत पृष्ठ. दंतवल्क नसलेल्या जागी डेंटिन उघडे पडते व अन्नातील रंग शोषून पिवळे-तपकिरी होते.

३) दात नवा असताना पांढराशुभ्र दिसतो, पण पातळ दंतवल्क चघळताना कपच्या होऊन गळते. म्हणून दोष उद्भेदानंतर काही आठवड्यांनी वाढल्यासारखा भासतो.

४) काही प्राण्यांत दाताचे मूळ अपूर्ण घडणे, दात अर्धवट बाहेर येणे किंवा न येणे. हे क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही.

उघड्या डेंटिनमुळे थंड-उष्ण स्पर्श असह्य होतो. असे पिलू कडक अन्न टाळते, एका बाजूने चावते किंवा तोंडास हात लावू देत नाही. मालकास हा हट्ट वाटतो, वस्तुतः ती वेदना असते.

अन्य प्राण्यांतही विषाणूंचा असा परिणाम नोंदलेला आहे. उंदरांतील एका पार्व्होव्हायरसची बाधा नवजात हॅम्स्टरना केली असता त्यांच्या कृंतकदंतांत विकृती निर्माण झाल्याचे १९६०च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर हा विषाणू आघात करतो. विषाणू भिन्न, आघाताची रीत भिन्न, परंतु बाधेची वेळ घडणीच्या काळात असणे हे सूत्र समान आहे.

सापेक्ष निदान

खड्डे पडलेला प्रत्येक दात डिस्टेंपरचा नव्हे. एकाच दातावर दोष असेल, तर त्या जागच्या दुग्धदंतास पूर्वी मार लागला होता काय, हे विचारावे. सर्व दातांचे, दुग्धदंतांसह, संपूर्ण पृष्ठ सदोष असेल आणि भावंडांतही तसेच असेल, तर आनुवंशिक विकृतीचा विचार करावा. पृष्ठभाग गुळगुळीत पण पिवळा वा करडा असेल, तर घडणीच्या काळात टेट्रासायक्लिन वर्गातील औषध दिले गेले असण्याची शक्यता असते. त्यात रंग बदलतो, खड्डे पडतीलच असे नाही. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे खडूसारखे डाग व तपकिरी ठिपके येतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हा दोष माणसांतही परिचित आहे. तीव्र जंत, दीर्घ अतिसार किंवा उपासमार यांनीही आडवी खाच पडू शकते. म्हणून दात हे आजाराच्या काळाची साक्ष देतात, आजाराचे नाव सांगत नाहीत. नाव ठरवण्यास पूर्ववृत्त, अन्य लक्षणे आणि पशुवैद्याची तपासणी आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

हा रोग आपल्या परिसरास परका नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक अभयारण्यालगतच्या गावांत मोकाट कुत्रे व खोकड यांच्यावर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या प्रौढ कुत्र्यांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात डिस्टेंपरच्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली, म्हणजे केव्हा तरी त्यांना बाधा होऊन गेली होती. जे वाचले त्यांचेच रक्त तपासता येते, जी पिले दगावली त्यांची नोंद कोठेच होत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातेतील गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. तेथील सिंहांच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने दाखवले. वस्तीतील लस न टोचलेला कुत्रा आणि वनातील श्वापद यांत विषाणूला कुंपण दिसत नाही.

आपल्या परिसरातही इमारतीच्या आवारातील मोकाट पिले व घरातील पाळीव पिले एकमेकांच्या सहवासात येतात. लस हाच यावर खात्रीचा उपाय आहे. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देऊन सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. मातेकडून आलेली प्रतिद्रव्ये लसीस निष्प्रभ करू शकतात आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे सांगता येत नाही, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. एक मात्रा देऊन थांबणे हे अपुरे संरक्षण होय.

बालकांच्या दातांसंबंधी

या विवेचनाचा आपल्या नित्य रुग्णांशी जवळचा संबंध आहे. बालकाच्या पहिल्या कायमच्या दाढेचे दंतवल्क जन्माच्या सुमारास घडू लागते व तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होते. कृंतकदंतांची घडण पहिल्या वर्षात सुरू होऊन चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालते. हे दात तोंडात दिसतात मात्र सहाव्या-सातव्या वर्षी. गर्भावस्थेतील सायटोमेगालोव्हायरस व रुबेला यांच्या बाधेनंतर बालकांच्या दंतवल्कात दोष आढळल्याचे नोंदलेले आहे. गोवर व अन्य तीव्र ज्वरांचा संबंधही वर्णिलेला आहे. तथापि प्रत्येक पिवळी दाढ अमुक तापामुळेच, असे विधान करणे शास्त्रसंमत नाही. कारणे बहुधा अनेक असतात.

मुंबईत २०२२च्या अखेरीस गोवंडी व परिसरात गोवराची मोठी साथ आली. अशा साथीनंतर मृत्यू व न्यूमोनिया यांची चर्चा होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वेळी एक-दोन वर्षांच्या असलेल्या बालकांचे कायमचे दात जेव्हा येतील, तेव्हा त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. सदोष दंतवल्काची दाढ लवकर किडते. सहाव्या वर्षी आलेली दाढ दुधाची समजून दुर्लक्षिली जाते, हा तर नेहमीचा अनुभव. असे बालक आढळल्यास त्वरित दंतवैद्याकडे पाठवावे. कामोठ्यातच एमजीएमचे दंतवैद्यकीय महाविद्यालय असल्याने ही सोय आपल्या रुग्णांना दूर नाही.

दुसरा मुद्दा दंतोद्भेदकालीन ज्वराचा. दात येण्याच्या काळात अनेक रोग प्रकट होतात, असे वाग्भटांनी म्हटले आहे, आणि अशा बालकास अतिनिर्बंधांत ठेवू नये, असा विवेकही त्यांनी सांगितला आहे. या वचनाचा व्यवहारात विपर्यास होतो. सहा महिने ते दोन वर्षांच्या बालकास कोणताही ताप आला की ‘दात येताहेत’ असे म्हटले जाते. दात येताना हिरडी सुजते, लाळ गळते, अंग किंचित कोमट लागते. परंतु तीव्र ज्वर, पुरळ, डोळे लाल होणे, श्वास वेगाने चालणे, स्तनपान सोडणे ही दाताची लक्षणे नव्हेत. आज येणाऱ्या दुधाच्या दातावर तापाचे खापर फोडताना, तोच ताप हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातावर आघात करीत असेल, याचा विसर पडतो. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत व दुसरी १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. ती झाली आहे काय, हे प्रत्येक बालरुग्णाच्या पूर्ववृत्तात विचारावे.

औषधालयातील व्यवहार

१) खड्डे पडलेल्या दातांसाठी कॅल्शियम देऊन दंतवल्क परत येत नाही. वाढत्या पिलास, विशेषतः मोठ्या जातीच्या, अनावश्यक कॅल्शियम दिल्यास हाडांची वाढ बिघडू शकते.

२) भरड मंजन अशा दातांवर वापरू नये, ते उरलेले पातळ दंतवल्कही झिजवते. माणसांची टूथपेस्टही कुत्र्यास देऊ नये. काहींत झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यास विषारी आहे.

३) दातदुखीसाठी माणसांची वेदनाशामके पिलास देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याचे जठर व वृक्क बिघडतात आणि पॅरासिटामॉल मांजरास तर अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते.

४) भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ अन्वये पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे. आपण मार्ग दाखवावा, चिकित्सा त्यांच्याकडे सोपवावी. पशुदंतवैद्यक जाणणारे चिकित्सक क्ष-किरण चित्र काढून, उघडे डेंटिन लेपाने किंवा संमिश्र द्रव्याने झाकून वेदना दूर करू शकतात. नियमित मृदू घासणी व कडक हाडे टाळणे हे घरचे उपाय.

५) लाळ गाळणाऱ्या, जबडा हलवणाऱ्या, झटके येणाऱ्या मोकाट पिलाचे तोंड उघडून दात पाहण्याचा मोह कोणीही करू नये. ते डिस्टेंपर असेल किंवा अलर्कविष, म्हणजे रेबीज असेल. बाहेरून हा भेद निश्चित करता येत नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालयात पाठवावे. येथे विलंब प्राणावर बेततो.

उपसंहार

दंतवल्क एकदाच घडते आणि ते आपल्या घडणीच्या काळाची नोंद आयुष्यभर बाळगते. निषेक व उद्भेद यांतील जो भेद काश्यपांनी केला, तोच चिकित्सेची मर्यादा आणि प्रतिबंधाचे स्थान दोन्ही दाखवतो. उद्भेदानंतर केवळ झाकणे व जपणे शक्य असते, रक्षण करण्याचा काळ त्यापूर्वीच येऊन गेलेला असतो. म्हणून गल्ल्यावर दातांसाठी औषध मागणाऱ्यास प्रथम वय विचारावे, मागील आजार विचारावा आणि लस झाली आहे काय ते विचारावे. त्या पिलाचे दात आता बदलणार नाहीत, परंतु त्याच इमारतीतील पुढच्या पिलाचे व त्याच घरातील तान्ह्या बालकाचे दात अद्याप घडत आहेत. आपल्या तीन प्रश्नांचा उपयोग त्यांना होईल.